मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर आपल्याकडची झाडं: सांगाड्यापासून रोवणीपर्यंत

रूळ टाकून होतात, स्टेशन उभं राहतं, निळे डबे फिरायला लागतात. मग बाजारातून आणलेलं तयार झाडांचं पाकीट फोडून रोवलं की सगळा देखावा बिघडतो. त्या पाकिटातली बहुतेक झाडं युरोपातली असतात, निमुळती सूचिपर्णी नाहीतर गोल गरगरीत हिरवे गोळे. फलाटावर पाटी कणकवलीची आणि मागे जंगल आल्प्सचं! आंबा, माड, बाभूळ, वड हे तयार मिळणं कठीण, म्हणून ते घरीच करावे लागतात. सामान मात्र हार्डवेअरच्या आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा. झाड ओळखू येतं ते बाह्यरेषेवरून आणि फांद्यांमधल्या मोकळ्या जागेवरून, रंगावरून नाही. झाड उजेडासमोर धरल्यावर पालवीतून पलीकडचा प्रकाश दिसला पाहिजे. तो दिसत नसेल तर महागडा फोम लावूनही तो हिरवा बोळाच राहतो.

खालची मापं एचओ म्हणजे १:८७ स्केलची (खऱ्याच्या ८७ पट लहान) आहेत. एन स्केल म्हणजे १:१६० असेल तर प्रत्येक माप साधारण ०.५४ ने गुणा.

१. आधी ठिकाण आणि महिना ठरवा

कोकणातली लाइन असेल तर माड, आंबा, फणस आणि सुरूची झाडं. दौंड, मनमाड, सोलापूरकडची असेल तर बाभूळ, कडुनिंब, आणि स्टेशनबाहेर पार बांधलेला वड किंवा पिंपळ. भोर घाटासारखा देखावा असेल तर उतारावर दाट मिश्र रान आणि पुढे मोजकी सुटी झाडं. रेल्वे क्वार्टर्स आणि फलाटाच्या कुंपणाशी उंच सडपातळ खोटा अशोक कुठेही शोभतो.

महिना ठरवायचं बरेच जण विसरतात. फुललेला पळस फेब्रुवारी-मार्चमधला, तेव्हा त्याच्यावर पानं जवळजवळ नसतात आणि जमिनीवरचं गवत पिवळं पडलेलं असतं. गुलमोहर मे महिन्यात पेटतो. हिरवंगार पावसाळी गवत आणि त्यात फुललेला पळस एकत्र ठेवला, तर झाड कितीही सुबक असो, पाहणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. नवख्याने जून ते सप्टेंबरचा देखावा निवडावा. फुलांची कटकट नाही आणि हिरव्या रंगाच्या चुका झाकल्या जातात.

२. उंचीचा हिशोब

खऱ्या झाडाची उंची मीटरमध्ये घ्या आणि ११.५ ने गुणा, म्हणजे एचओमधली उंची मिलिमीटरमध्ये मिळते. एनसाठी ६.२५ ने गुणा.

- बाभूळ, ६ मीटर: ६९ मिमी
- खोटा अशोक, ९ मीटर: १०३ मिमी
- आंबा, १२ मीटर: १३८ मिमी
- वड, १५ मीटर: १७२ मिमी, घेर २५० मिमीपर्यंत
- माड, १८ मीटर: २०७ मिमी

आकडे पाहून दचकायला होतं, कारण बहुतेक लेआउटवरची झाडं याच्या निम्मी असतात. पडताळा सोपा आहे. प्रवासी डबा साधारण ४ मीटर उंच, म्हणजे एचओमध्ये ४६ मिमी. मोठा आंबा तीन डब्यांइतका उंच हवा. डब्याच्या छपराला टेकणारा आंबा म्हणजे कलम झालं, झाड नव्हे. तरीही ४ बाय २ फुटांच्या लेआउटवर २०७ मिमीचे माड स्टेशनला खाऊन टाकतात. तिथे सगळ्या उंच झाडांना सरसकट ७०-७५ टक्क्यांवर आणा. एकच झाड छोटं करू नका, नाहीतर आपसातलं प्रमाण बिघडेल.

३. सामान

सांगाड्यासाठी:
- ४ चौरस मिमीची घरगुती वायरिंगची मल्टिस्ट्रँड वायर. तिच्यात साधारण ०.३ मिमीचे ५६ तांब्याचे धागे असतात. इलेक्ट्रिशियनकडचे तुकडे चालतात, लांबी किमान २० सेंमी हवी.
- १८ गेजची बाइंडिंग वायर, म्हणजे सळ्या बांधायची काळी मऊ तार
- मास्किंग टेप, शिवणाचा जाड दोरा, सुतळी

सालीसाठी: फेव्हिकॉल एमआर, वॉल पुट्टीची पावडर, ॲक्रिलिक रंग (काळा, पांढरा, बर्न्ट अंबर, यलो ओकर, सॅप ग्रीन).

पालवीसाठी: उशीत भरतात तो पॉलिस्टर कापूस, गादीवाल्याकडचे मऊ फोमचे तुकडे, हेअर स्प्रे.

हत्यारं: नोज प्लायर, वायर कटर, चिमटा, बारीक टोकाची कात्री, दोन जुने ब्रश, चहाची गाळणी, पिठाची चाळण, आणि ओली झाडं टोचून ठेवायला थर्माकोलचा जाड तुकडा.

तांब्याचीच वायर का, तर ती मऊ असते, परत परत पिळली तरी चटकन तुटत नाही, आणि ०.३ मिमीचा धागा एचओमध्ये २६ मिमी जाडीची डहाळी होतो. शेंड्याला तेच हवं असतं. नुसत्या बाइंडिंग वायरच्या झाडाचे शेंडे ठोसर दिसतात.

४. सांगाडा: आंब्याचं उदाहरण

सरावाला पहिली दोन-तीन झाडं बाभळीची करा. ती वाकडीतिकडीच असते, त्यामुळे चूक दिसत नाही. पद्धत हीच, फक्त एकच वायर घ्यायची आणि फांद्या लवकर फोडून आडव्या पसरायच्या. हात बसला की आंब्याकडे या.

वायरचे २० सेंमीचे दोन तुकडे सोला. एकूण ११२ धागे झाले. त्यांच्या मधोमध बाइंडिंग वायरचा ६ सेंमीचा तुकडा असा धरा की २५ मिमी खाली बाहेर राहील. हीच नंतर रोवायची खुंटी. धाग्यांची खालची १५ मिमी टोकं मोकळी सोडा, ती मुळं होतील. त्यावर ३५ मिमी लांबीचं खोड घट्ट पिळा.

मग जुडगा चार भागांत फोडा: ३०, ३०, २६, २६. मोजायचा कंटाळा आला तर अंदाजाने घ्या, पण चारही समान नकोत. चार दिशांना, किंचित वेगवेगळ्या उंचीवर वळवा. प्रत्येक फांदी १५ ते २० मिमी पिळा, दोन भागांत फोडा, १० मिमी पिळा, पुन्हा फोडा. शेवटी दोन-तीन धागे राहिले की थांबा. वर जाल तसं अंतर कमी करत न्या. खोडाजवळचं अंतर शेंड्यालाही ठेवलं तर झाड उघडं पडतं.

फांद्या वाकवताना खऱ्या आंब्याकडे पाहा. खालच्या फांद्या आधी बाहेर जातात आणि मग टोकाला वर वळतात. डेरा घुमटाकार, रुंदी उंचीइतकी किंवा थोडी जास्त. सगळ्या फांद्या एकाच पातळीत राहिल्या तर झाड समोरून छान आणि बाजूने चपटं दिसतं. नवख्यांच्या झाडांत हा दोष हमखास सापडतो. दर दोन फांद्यांनंतर झाड हातात फिरवून पाहा.

शेवटी टोकं कमी-जास्त कापा. कापणी लेआउटपासून लांब, ट्रेमध्ये करा. तांब्याचे तुकडे दोन रुळांवर आडवे पडले तर शॉर्ट सर्किट होतं, आणि बाइंडिंग वायरचे लोखंडी कण इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटतात. ते काढायला इंजिन उघडावं लागतं.

५. साल

पिळलेलं खोड साडेतीन-चार मिमी भरतं. मोठ्या आंब्याचं खोड ६० सेंमी धरलं तर ७ मिमी हवं. फरक नुसत्या लेपाने भरून काढायला गेलात तर लेप तडकतो. आधी खोडाला आणि मुख्य फांद्यांच्या बुडाला मास्किंग टेपच्या बारीक पट्ट्या गुंडाळा, बुंध्याशी जास्त आणि वर कमी. मुळांची टोकं चार-पाच जुडग्यांत पसरून द्या.

लेपाचं प्रमाण: फेव्हिकॉल २ भाग, पुट्टी २ भाग, काळा आणि बर्न्ट अंबर मिळून अर्धा भाग, पाणी थेंबाथेंबाने. ब्रशवरून ओघळणार नाही इतका दाट ठेवा. नुसती पुट्टी आणि पाणी असं कालवलं तर फांदी जरा वाकवताच खपली उडते. फेव्हिकॉलमुळे लेपाला थोडी लवचीकता राहते.

पहिला हात पातळ. तो १२ तास सावलीत सुकू द्या. दुसरा हात जाड, फक्त खोडावर आणि मोठ्या फांद्यांवर. अर्धवट सुकला की टूथब्रशने खालून वर ओढा, सालीच्या उभ्या रेघा उमटतात. डहाळ्यांना लेप नको, फेव्हिकॉलमध्ये कालवलेला पातळ रंग पुरे. पण तांबं कुठेही उघडं ठेवू नका. ते आधी चमकतं आणि मग काळवंडतं.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात हेच काम दुप्पट वेळ घेतं. आतून ओला राहिलेला लेप वरून कोरडा वाटतो, झाड डब्यात बंद केलं की बुरशी येते. घाई असेल तर पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायरने वरचा थर आधी आक्रसतो आणि भेगा पडतात.

खोडाचा रंग चॉकलेटी करू नका. शाळेच्या चित्रातली ही सवय लवकर सुटत नाही, पण रस्त्यावर जाऊन पाहा: आंबा गडद करडा, वड-पिंपळ फिकट राखाडी, माड राखाडी, बाभूळ जवळजवळ काळी. सगळीकडे पाया करड्याचा, तपकिरीचा फक्त वास. सुकल्यावर अगदी पातळ काळं पाणी सोडा, ते भेगांत बसतं. मग ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा करून त्यावर उरलेला फिकट राखाडी रंग उंचवट्यांवरून फिरवा.

६. फोमचा भुगा

तयार भुगा मिळतो. वुडलँड सीनिक्स या कंपनीचा माल चांगला आहे, पण तीस-चाळीस झाडांना महाग पडतो. घरचा असा करा.

फोमचे १ सेंमीचे तुकडे कापा. जुन्या मिक्सरच्या भांड्यात निम्मं पाणी, वर मूठभर तुकडे, आणि थांबत थांबत २०-३० सेकंद फिरवा. हे भांडं पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही. घट्ट पिळा. १ चमचा रंग आणि ४ चमचे पाणी कालवून त्यात भुगा चोळा, पुन्हा पिळा, वर्तमानपत्रावर सावलीत दोन दिवस वाळवा. वाळल्यावर गुठळ्या होतात, म्हणून एकदा कोरडाच फिरवा. तेव्हा नाकाला मास्क हवाच. चहाच्या गाळणीतून पडेल तो बारीक, पिठाच्या चाळणीतून पडेल तो मध्यम, वर उरेल तो झुडपांना.

तीन छटा करा. गडद: सॅप ग्रीन, बर्न्ट अंबर आणि काळ्याचा ठिपका. मधली: सॅप ग्रीन आणि थोडा यलो ओकर. फिकट: मधल्या छटेत आणखी यलो ओकर आणि किंचित पांढरा. ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा वापरला तर झाड प्लॅस्टिकचं दिसतं. लांबून पाहताना रंग मुळात फिका आणि धुरकट दिसतो, आणि लेआउट आपण लांबूनच पाहत असतो.

रंगाच्या थराने फोमचं थोडं रक्षण होतं, तरी थेट ऊन लागलं की काही वर्षांत तो पिवळा पडून भुरभुरतो. लेआउट खिडकीसमोर नको.

७. पालवी चढवणं

पॉलिस्टर कापूस पांढरा असतो आणि तसाच वापरला तर झाडावर कोळिष्टकं लागल्यासारखी दिसतात. आधी त्याचे लांबट पुंजके करून काळपट हिरव्या किंवा गडद तपकिरी रंगाच्या पातळ पाण्यात बुडवा, पिळा, वाळवा.

आता त्याचा ३-४ सेंमीचा तुकडा घेऊन सर्व बाजूंनी ओढत पसरा. किती? वर्तमानपत्रावर ठेवल्यावर खालचा मजकूर वाचता आला पाहिजे. न वाचता आला तर अजून ओढा. असे आठ-दहा तुकडे वेगवेगळ्या फांद्यांच्या टोकांवर अडकवा, मधे जागा सोडा. सगळा डेरा एकाच तुकड्यात गुंडाळणं हा सोपा मार्ग आहे आणि त्यातूनच तो हिरवा बोळा तयार होतो.

झाड चिमट्यात उलटं धरा, २०-२५ सेंमीवरून हेअर स्प्रे मारा, गडद भुगा शिंपडा. झाड सुलटं करून पुन्हा स्प्रे, मग सगळीकडून मधली छटा. शेवटी फक्त वरून चिमूटभर फिकट छटा टाका, जिथे ऊन पडतं तिथेच. पावसाळ्यातल्या आंब्यावर एखाद्या फांदीला तांबूस कोवळी पालवी दाखवलीत तर ओळख पटायला मदत होते. ट्रेमध्ये पडलेला भुगा परत भरून ठेवा. सुकल्यावर हलकं झटका, सुटं असेल ते पडेल, आणि वरून एक शेवटचा स्प्रे.

हेअर स्प्रे पेट घेतो. देवघरातली समई, उदबत्ती, गॅस जवळ नको, खिडकी उघडी हवी. हेअर स्प्रेऐवजी फेव्हिकॉल आणि पाणी सम प्रमाणात, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, असं स्प्रे बाटलीतून मारलं तर पकड जास्त येते. पण ते सुकायला रात्र लागते आणि जाड बसलं तर चकाकतं.

८. वेगळी पद्धत लागणारी तीन झाडं

माड. १८ गेजच्या बाइंडिंग वायरचे तीन तुकडे एकत्र पिळले की अडीच मिमीच्या आसपास जाडी येते, वर दोऱ्याचे वेढे घेतले की साडेतीनपर्यंत जाते. माडाच्या खोडाला तेवढीच हवी. दोरा मळसूत्रासारखा वर चढवा, वेढ्यांत १ मिमी अंतर; गळून पडलेल्या झावळ्यांच्या खुणा त्यातून दिसतात. बुडाच्या १५ मिमीवर जास्त वेढे. खोडाचा बाक तळाशी द्या, वरचा भाग सरळ उठू द्या. धनुष्यासारखा सगळा वाकवू नका.

झावळीसाठी साधा कागद दोन्ही बाजूंनी हिरवा रंगवा. ५२ मिमी लांब, मधे १६ मिमी रुंद असा पानाचा आकार कापा, मधोमध घडी घाला, घडीत तांब्याचा एक धागा फेव्हिकॉलने चिकटवा आणि त्याचं १० मिमी शेपूट सोडा. सुकल्यावर दोन्ही कडांना टोकाकडे तिरके, शक्य तितके बारीक काप द्या. एका माडाला १८ ते २० झावळ्या पुरतात. वरच्या सहा उभ्या, मधल्या सात आडव्या, खालच्या सात लोंबत्या आणि त्यातल्या एक-दोन वाळक्या तपकिरी. शेपटं खोडाच्या शेंड्याला दोऱ्याने बांधा. फेव्हिक्विकने चिकटवलं तर दमट हवेत आजूबाजूला पांढरी पूड धरते. नारळांसाठी मोठ्या दाण्याची मोहरी मापात बसते. ती कढईत भाजून घ्या, कारण कच्ची मोहरी ओल्या गोंदात रुजू शकते.

खोटा अशोक. हा बाटली घासायच्या ब्रशच्या पद्धतीने होतो. बाइंडिंग वायर दुमडून तिच्या दोन पदरांत सुतळीचे ३० मिमी लांबीचे सुटे धागे पसरा, एक टोक पकडीत, दुसरं ड्रिल मशीनमध्ये, आणि सावकाश फिरवा. डोळ्यांना चष्मा लावा, तार तुटली की फटकारा बसतो. मग कात्रीने १८ मिमी रुंदीचा, वर निमुळता आकार द्या, गडद हिरवा रंगवा, बारीक भुगा शिंपडा. याला कापूस लागत नाही. एका बैठकीत डझनभर होतात.

वड. सांगाडा आंब्यासारखाच, पण चार किंवा पाच वायर आणि डेरा उंचीपेक्षा बराच रुंद. पारंब्या शिवणाच्या दोऱ्याच्या. फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून फांदीला बांधा, खालच्या टोकाला छोटा नट लटकवून सुकू द्या, म्हणजे सरळ राहतील. तीन-चार जमिनीपर्यंत नेऊन लेपाने जाड करा, बाकीच्या अर्ध्यावर कापा. पार करायचा तर प्लास्टर ऑफ पॅरिसची ५० मिमी व्यासाची, ८ मिमी उंच चकती ओता आणि कडेला सुईने दगडांचे सांधे कोरा.

९. मागचं रान

घाटाच्या उतारावर प्रत्येक झाडाला सांगाडा करत बसू नका. रंगवलेल्या कापसाचे ३० ते ५० मिमीचे सैल पुंजके करून, भुगा लावून थेट उतारावर चिकटवा. खाली मोठे, वर मागे २५ मिमीपर्यंत लहान आणि रंगाने थोडे फिके-निळसर, म्हणजे डोंगर लांब गेल्यासारखा वाटतो. पुढच्या कडेला पाच-सहा खऱ्या खोडांची झाडं आली की मागच्यांची खोडं कोणी शोधत नाही.

१०. रोवणी

रोवण्याआधी तुमच्याकडचा सर्वांत लांब डबा सगळ्या वळणांवरून हाताने फिरवा. वळणावर डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला आणि टोकं बाहेर येतात. दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करून तिच्याबाहेर आणखी २ सेंमी सोडा. विजेवरची लाइन दाखवली असेल तर ओव्हरहेड तारांवर एकही फांदी येऊ देऊ नका. रेल्वे त्या छाटत असते, त्यामुळे अशा झाडाची रुळाकडची बाजू थोडी कापलेलीच शोभते.

झाड कायमचं चिकटवू नका. बॉलपेनच्या रिकाम्या, धुतलेल्या रिफिलचा २० मिमीचा तुकडा बोर्डात भोक पाडून बसवा आणि खुंटी त्यात खोचा. रूळ पुसायला, वायर दुरुस्त करायला झाड उचलता येतं. खुंटी बोर्डाच्या खाली बाहेर येत असेल तर कापा. खालून जाणाऱ्या रुळांच्या वायरींना ती टेकली की गाडी अधूनमधून बंद पडते आणि दोष रुळांत शोधत बसावं लागतं.

बोर्डावर थर्माकोल असेल तर फेव्हिबॉन्डसारखा रबरी गोंद आणि कॅनमधला स्प्रे रंग लांब ठेवा, दोन्हींनी थर्माकोल विरघळतो. तिथे फेव्हिकॉलच.

झाडं सारख्या अंतरावर, एकाच उंचीची रोवू नका. तीन-पाचच्या घोळक्यात, एक मोठं, बाकी लहान, आणि मधे रिकामी जमीन. फलाटाच्या अशोकांची रांग हा अपवाद, ती माणसानेच लावलेली असते. बुंध्याशी मुळांवर थोडी माती चढवा. पाचोळ्यासाठी चहाचा चोथा धुऊन कडक उन्हात खडखडीत वाळवून, गाळून टाका. दूध-साखर राहिली तर मुंग्या येतात.

११. धूळ

वापरात नसताना लेआउटवर जुनी सुती चादर टाका, पण झाडांना टेकू नये म्हणून कोपऱ्यांत काठ्या उभ्या करा. महिन्यातून एकदा मऊ मेकअप ब्रश वरून खाली फिरवा. व्हॅक्यूम वापरलात तर नळीच्या तोंडाला पातळ मोजा बांधा, सुटलेला भुगा त्यात अडकतो. वर्षभराने डेरा विरळ वाटला तर झाड रिफिलमधून उपसा, हेअर स्प्रेचा एक हात आणि चिमूटभर फिकट भुगा द्या, पुन्हा खोचा.